आकाशाचं माप जुळेना : 'बिग बँग खोटा ठरला' म्हणणाऱ्यांसाठी, आणि न म्हणणाऱ्यांसाठीही

शिरोली_फाउंड्री | शनिवार, रात्री १०.२५

मंडळी, ढकलपत्रांची साथ पुन्हा आली आहे. "जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटा पाडला, शास्त्रज्ञ हादरले!" रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपपासून ते सोसायटीच्या पाणीपुरवठ्याच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे हेच. कुणी विचारलं तर म्हणतात, "तुम्ही दुर्बीणवाले ना, मग सांगा खरं-खोटं." तिथं लिहायला जागा पुरत नाही, म्हणून हा धागा.

कुणी हादरलेलं नाही. पण सगळं सुरळीत आहे असंही नाही. गेल्या दहाएक वर्षांत आकाशातून अशा काही नोंदी आल्यात की प्रमाण मॉडेलच्या (बिग बँगपासून विश्व कसं वाढलं याच्या सर्वमान्य सिद्धांताच्या) हिशेबात त्या बसवताना ओढाताण होते. त्यातली सगळ्यात गंभीर माझ्या मते विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाची, म्हणजे हबल स्थिरांकाची.

हा वेग दोन वाटांनी काढतात. पहिली वाट प्लँक उपग्रहाची. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या आकाशातून येतो. त्यातले बारीक चढउतार प्लँकनं टिपले आणि त्यावरून आकडा निघाला ६७.४, चूक फार तर अर्ध्याची. (एकक किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक. मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.) दुसरी वाट पायऱ्यापायऱ्यांची : जवळच्या ताऱ्यांची अंतरं, मग सेफीड नावाचे लयीत उजळणारे-मंदावणारे तारे, मग सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारे तारे. ॲडम रीस यांच्या गटानं या वाटेनं २०२२ साली काढलेला आकडा ७३, चूक साधारण एकाची.

आम्ही ओतकामवाले, म्हणून आमच्या शॉपमधलं सांगतो. धातू थंड होताना आकसतो, तेव्हा पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) ड्रॉइंगपेक्षा थोडा मोठा करतात. करड्या बिडाला साधारण एक टक्का सूट. पॅटर्नचं माप आणि सूट ठाऊक असली की कास्टिंग थंड झाल्यावर किती भरेल ते कागदावरच सांगता येतं. आता कागद एक सांगतो आणि व्हर्नियर, म्हणजे मोजायचं हत्यार, दुसरंच दाखवतो, तर शक्यता दोनच. व्हर्नियर चुकतोय, किंवा साच्यात ओतल्यापासून थंड होईपर्यंत असं काही घडलं जे आपल्या हिशेबात नव्हतं. प्लँकचा ६७.४ हे कागदावरचं माप आहे. प्लँकनं आजचा वेग मोजलेलाच नाही. त्यानं विश्वाचं बालपण मोजलं आणि मधल्या १३.८ अब्ज वर्षांचा हिशेब मॉडेलनं केला. रीसचा ७३ हा व्हर्नियर.

बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं की व्हर्नियरच चुकत असणार. लांबच्या दीर्घिकांत सेफीडच्या शेजारी इतर ताऱ्यांची दाटी असते, त्यांचा प्रकाश मिसळून मोजमाप बिघडत असेल, अशी शंका होती. जेम्स वेबची नजर जुन्या हबल दुर्बिणीपेक्षा तीक्ष्ण. तिनं तेच सेफीड पुन्हा पाहिले. हबल दुर्बिणीची मापं बरोबर निघाली. म्हणजे ज्या दुर्बिणीनं "बिग बँग खोटा पाडला" म्हणतात, तिनं या प्रकरणात केलं काय, तर जुन्या दुर्बिणीचं काम तपासून त्यावर सही केली. आणि त्यामुळंच पेच वाढला.

बाकीच्या नोंदी इथले जाणकार घालतीलच. मी वाचतोय.

---

मिसळ_कट्टा | शनिवार, रात्री १०.५१

दादा, नाद खुळा लिवलंय! पण मला एक कळंना. ६७ आणि ७३. फरक किती, तर सहा. एवढ्यासाठी एवढा दंगा?

---

शिरोली_फाउंड्री | शनिवार, रात्री ११.०४

भावा, फरक आठ-नऊ टक्क्यांचा, आणि चुकीची मर्यादा एक-दीड टक्क्याची. म्हणजे पाच सिग्मा, चुकीच्या मर्यादेच्या साधारण पाचपट. योगायोगानं असं व्हायची शक्यता लाखांत एकाहूनही कमी. शिवाय बाकी सगळं तसंच ठेवून ७३ धरला तर विश्वाचं वय अब्जभर वर्षांनी कमी भरतं.

वयावरून आठवलं. एचडी १४०२८३ नावाचा तारा आपल्यापासून २०० प्रकाशवर्षांवर आहे. २०१३ साली त्याचं वय निघालं १४.५ अब्ज वर्षं, म्हणजे विश्वापेक्षा मोठा! चूक ८० कोटी वर्षांची होती, त्यामुळं नीट वाचणाऱ्याला फार धक्का बसला नाही. पुढं सुधारलेल्या हिशेबात वय खाली आलं. पण "विश्वापेक्षा म्हातारा तारा" हे शीर्षक अजून फिरतंय. शीर्षकात ± लिहायची पद्धत नाही ना.

---

अनुराधा_नक्षत्र | शनिवार, रात्री ११.४०

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. दादा, एक भर. सगळे व्हर्नियर ७३ दाखवत नाहीत. वेंडी फ्रीडमन यांच्या गटानं जेम्स वेबच्याच निरीक्षणांतून, सेफीडशिवाय लाल राक्षसी तारे वापरूनही अंतरं काढली आणि त्यांचा आकडा ७० च्या आसपास येतो. त्यांचं म्हणणं, पेच आहे असं अजून ठामपणे म्हणू नका. रीस यांच्या गटाचं म्हणणं, तुमच्या नमुन्यात सुपरनोव्हा कमी आहेत म्हणून असं दिसतंय. दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

आता जेम्स वेबच्या दीर्घिकांबद्दल, कारण ढकलपत्रं मुळात तिथूनच निघाली. २०२२ च्या जुलैत पहिली चित्रं आली आणि महिनाभरातच अपेक्षेपेक्षा खूप लवकरच्या, खूप तेजस्वी दीर्घिका सापडायला लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये सहा उमेदवारांचा निबंध आला : विश्व ५० ते ७० कोटी वर्षांचं असताना एकात तर बहुधा १०० अब्ज सूर्यांइतके तारे! एवढ्या वेळात एवढे तारे जमवायचे म्हणजे हाताशी असलेला जवळजवळ सगळा वायू खर्ची घालावा लागतो.

मग एकेकाची छाननी झाली. काहींच्या उजेडाचा बराच वाटा ताऱ्यांचा नाहीच, मधल्या कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूचा आहे. तो वजा केला की ताऱ्यांचं वस्तुमान खाली येतं. त्यानंतरही मोठ्या दीर्घिका अंदाजाच्या साधारण दुप्पट संख्येनं उरतात. म्हणजे मॉडेल मोडलं नाही, पण त्या काळात तारे जन्मायचा वेग आपण कमी धरला होता.

लवकरच्या दीर्घिकांचा विक्रम तर सारखा तुटतोय. जेड्स-जीएस-झेड१४-० ही बिग बँगनंतर २९ कोटी वर्षांची, तिच्यात आल्मा दुर्बिणीला चक्क ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन बनायला ताऱ्यांची एक पिढी जगून मरावी लागते! त्यानंतर मॉम-झेड१४, २८ कोटी वर्षांची.

आणि हे मुद्दाम आपल्यासाठी. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्याच निरीक्षणांतून एक दीर्घिका शोधली. नाव ठेवलंय अलकनंदा. विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही, दोन सुबक बाहू असलेली सर्पिल दीर्घिका. ३० हजार प्रकाशवर्षं पसरलेली, सुमारे १० अब्ज सूर्यांइतके तारे आणि वर्षाला ६० सूर्यांइतके नवे. तो काळ म्हणजे नुसता गोंधळ, टकरा, वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिका, असं आम्हाला शिकवलं होतं. अशी नीटस बाहूंची फिरती चकती जमायला अब्जावधी वर्षं लागतात म्हणे. ही बाई तयार होऊन उभी आहे.

---

पंचांगप्रेमी | रविवार, सकाळी ६.१२

हे सर्व आपल्या ऋषींना आधीच ज्ञात होते. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पाश्चात्त्य आता कुठे तिथवर पोहोचत आहेत. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सवच पाहा, सूर्याचा मार्ग ठाऊक असल्याशिवाय असे मंदिर उभे राहते काय?

---

बिंदूचौक | रविवार, सकाळी ८.३०

किरणोत्सवाला शंभर टक्के मान. जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात, ही बांधणाऱ्यांची निरीक्षणशक्ती आहेच. पण तिथं निरीक्षण होतं हो! ४३२ कोटींमागचं निरीक्षण कुठलं ते सांगा, मग बोलू. आणि तुमच्या टोपणनावाकडे बघून सांगतो, जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाचीसुद्धा चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांना ४०-४० कुंडल्या, हुशार मूल कुठलं आणि मतिमंद कुठलं ते ओळखायचं. अचूक निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ५० आली असती.

आता माझा मुद्दा. नारळीकरांचं नाव निघालंच आहे तर कुणीतरी बोला की! जन्म १९३८, कोल्हापूर. आयुष्यभर हा माणूस सांगत राहिला की बिग बँगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. इन्फ्लेशन (अगदी आरंभी विश्व झपाट्यानं फुगलं ही कल्पना) माना, मग कृष्णपदार्थ (न दिसणारं, पण गुरुत्वानं ओढणारं द्रव्य) माना, मग कृष्णऊर्जा (प्रसरणाला जोर देणारी ऊर्जा) माना. ९५ टक्के विश्व न दिसणारं आणि त्याला म्हणायचं प्रमाण मॉडेल! तेव्हा सगळ्यांनी हसून नेलं. आता जेम्स वेबनं तेच दाखवलं, लहान वयात मोठ्या दीर्घिका. ते गेले असं म्हणायला जीभ वळत नाही, पण २०२५ च्या २० मेला गेले, आणि त्यांचं बरोबर होतं असं म्हणायला एकही जण पुढं आला नाही.

---

तांबट_कमान | रविवार, सकाळी ११.१५

बिंदूचौक, तुमची तळमळ पोचली. मी आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, नारळीकरांची व्याख्याने ऐकली, त्यांच्याविषयी आदर तुमच्याइतकाच. म्हणूनच त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं ते आधी मांडू.

फ्रेड हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली स्थिरस्थिती विश्वाची कल्पना मांडली : विश्व प्रसरण पावतं, पण मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे ते सर्वकाळ सारखंच दिसतं. 'बिग बँग' हे नावच हॉईल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर दिलं. नारळीकर केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांचं सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण (प्लँकनं पुढे मोजला तो विश्वाच्या बालपणीचा प्रकाश) जाहीर झालं आणि स्थिरस्थितीचा आधार गेला. त्यानंतर १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेलं मॉडेल आणलं : अर्धस्थिर विश्व. विश्व दीर्घकाळ प्रसरण पावतं, पण त्यातच आकुंचन-प्रसरणाच्या फेऱ्या होत राहतात. पार्श्वप्रारण म्हणजे आधीच्या फेऱ्यांतल्या ताऱ्यांचा उजेड, सुपरनोव्हांतून उडालेल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून एकजीव केलेला.

कल्पना धाडसी होती आणि तिच्यात एक गोष्ट मला फार आवडते. ती तपासता येत होती. आधीच्या फेरीतल्या अतिमंद दीर्घिका दिसल्या तर त्यांचा प्रकाश तांबड्याकडे नव्हे, निळ्याकडे सरकलेला असेल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आता जेम्स वेबला काय दिसलं ते पाहा. जितकं मागे जावं तितक्या दीर्घिका लहान, वायूनं भरलेल्या, जड मूलद्रव्यं कमी. अपेक्षेपेक्षा लवकर वाढलेल्या, हे खरं; पण वाढत्या वयातल्याच. पूर्ण म्हाताऱ्या, तांबूस, थकलेल्या दीर्घिकांचं आकाश तिकडे दिसलेलं नाही. निळ्याकडे सरकलेल्यांचा तो समूहही नाही. शिवाय दूरच्या वायुमेघांतल्या रेणूंवरून पूर्वीच्या काळचं पार्श्वप्रारणाचं तापमान मोजता येतं. ते आजच्या २.७२५ केल्विनपेक्षा जास्त भरतं, आणि रेडशिफ्टच्या, म्हणजे प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे जितका सरकतो त्याच्या, प्रमाणातच वाढत जातं. विश्व पूर्वी खरोखर गरम होतं.

तेव्हा अनुराधाताईंनी सांगितलेल्या नोंदी प्रमाण मॉडेलला त्रास देतात, पण त्या नारळीकरांच्या पारड्यात पडत नाहीत. एकाचं चुकलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप बरोबर ठरत नसतं.

---

बिंदूचौक | रविवार, दुपारी १२.०२

सर, मान्य करतो पण पूर्ण नाही. खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्पचं काय? दीर्घिकेला चिकटलेला क्वासार (ताऱ्यासारखा ठिपका दिसणारं अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्र) दाखवला, दोघांची रेडशिफ्ट वेगवेगळी. म्हणजे रेडशिफ्टवरून अंतर काढणंच धोक्यात. तर त्याला दुर्बिणीवर वेळ द्यायचं बंद केलं. बिचारा अमेरिका सोडून जर्मनीला गेला. हे कुठलं विज्ञान?

---

तांबट_कमान | रविवार, दुपारी १२.४०

ती वागणूक मलाही पटलेली नाही. पण आर्पकडे मोजकी उदाहरणं होती. पुढे स्लोन सर्वेक्षणात लाखो क्वासार मिळाले, तेव्हा अशा जोड्या योगायोगानं जितक्या दिसाव्यात तितक्याच आहेत असं आढळलं. क्वासारांभोवतीच्या यजमान दीर्घिकाही दिसल्या, त्याच रेडशिफ्टला.

खरी अडचण विचारता? मला झोप न येऊ देणारी अडचण या यादीत अजून कुणी घेतलेली नाही. पार्श्वप्रारणात आकाशाची एक बाजू किंचित उष्ण, समोरची किंचित थंड दिसते. कारण आपण सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगानं चाललो आहोत. हे खरं असेल तर त्याच दिशेला दूरचे क्वासारही किंचित जास्त मोजले जायला हवेत, ठरलेल्या प्रमाणात. २०२१ साली नेथन सीक्रेस्ट, सुबीर सरकार आणि सहकाऱ्यांनी १३ लाखांहून अधिक क्वासार मोजले. दिशा जवळपास तीच आली, पण प्रमाण दुपटीहून जास्त. ४.९ सिग्मा.

याचा अर्थ पाहा. हबलचा पेच फार तर मॉडेलमधला एखादा घटक बदलून सुटेल. पण मोठ्या प्रमाणावर विश्व सर्व दिशांना सारखं आहे, या गृहीतकावर तर सगळी समीकरणं उभी आहेत. तेच डगमगलं तर शिरोलीकरांची आकुंचनाची सूट चुकली असं म्हणून भागणार नाही. पॅटर्नच दुसऱ्या कास्टिंगचा निघेल. तरीही वर्तमानपत्रांत यावर ओळही नाही, कारण दाखवायला सुंदर चित्र नाही.

---

मिसळ_कट्टा | रविवार, दुपारी १.३०

सर तुमी मास्तर शोभताय. आमी आपलं रविवारचं तांबडा-पांढरा करून बसलोय आणि हितं विश्वाचा पॅटर्न चुकला म्हणं. जेवण जाईना राव 😄

---

घनसाळ | रविवार, संध्याकाळी ५.२०

आजऱ्याहून लिहितेय. मुलगा नववीत, हा धागा त्यालाच वाचून दाखवला. त्याचा प्रश्न : कृष्णपदार्थ कुणी बघितला नाही, पकडला नाही, तर तो आहे असं का मानायचं? सरळ गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकीचा असेल की! मला उत्तर देता आलं नाही.

---

अनुराधा_नक्षत्र | रविवार, संध्याकाळी ६.०५

ताई, मुलाला शाबासकी द्या, हा प्रश्न मोठमोठ्यांचा आहे. आणि याचं उत्तर इतिहासात दोनदा मिळालंय, दोन्ही वेळा वेगळं.

युरेनस हिशेबाप्रमाणे चालेना. फ्रेंच गणिती ल व्हेरिए म्हणाला, पलीकडे न दिसणारा एक ग्रह त्याला ओढतोय, आणि तो कुठं असेल ते गणितानं सांगितलं. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत त्याच जागेजवळ नेपच्यून सापडला. म्हणजे न दिसणारं द्रव्य होतं. पुढं त्याच ल व्हेरिएला बुधाची कक्षा जास्तच सरकताना दिसली. हिशेबात न बसणारा भाग शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). त्यानं तोच उपाय वापरला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह. नावसुद्धा ठेवलं, व्हल्कन. लोकांनी शोध शोध शोधला. तो नव्हताच. १९१५ साली आईनस्टाईननं गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला आणि ४३ विकला बरोब्बर आल्या.

तर कृष्णपदार्थ हा नेपच्यून आहे की व्हल्कन, हाच प्रश्न. व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगानं फिरतात. १९८३ साली मिलग्रोम यांनी नियमच बदलायचं सुचवलं, आणि एकट्या दीर्घिकेपुरतं ते आश्चर्य वाटावं इतकं जमतं. पण बुलेट क्लस्टरमध्ये दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. वायू मध्ये अडकलाय, आणि प्रकाश वाकवणारं वस्तुमान वायूबरोबर नाही, पुढं निघून गेलंय. तिथं नुसता नियम बदलून भागत नाही. माझं मत नेपच्यूनकडे झुकतं. पण प्रयोगशाळेत कण अजून सापडलेला नाही, त्यामुळं तुमच्या मुलाची शंका जिवंत आहे.

---

शिरोली_फाउंड्री | रविवार, रात्री ९.१५

दिवसभर कामात होतो, आता सगळं वाचलं. सर, क्वासारांचं मी ओझरतं ऐकलं होतं, एवढं नीट आज कळलं.

एका ढकलपत्राचा निकाल लावतो. "विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं." हे २०२३ साली ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी मांडलं. प्रकाश लांबवर येताना 'थकतो' ही झ्विकीची १९२९ ची कल्पना, अधिक निसर्गाचे स्थिरांक काळानुसार बदलतात हे गृहीतक, अशी जोडणी. नुसता थकलेला प्रकाश चालत नाही, कारण दूरचे सुपरनोव्हा आपल्याला संथ गतीनं विझताना दिसतात, रेडशिफ्ट जितकी तितकेच संथ. डार्क एनर्जी सर्व्हेनं सुमारे दीड हजार सुपरनोव्हांवर हे तपासलं. थकलेल्या प्रकाशात असं संथपण येत नाही. गुप्तांनी जोडणी केली ती यासाठीच. एका नोंदीसाठी एवढी डागडुजी करायची, आणि मग पार्श्वप्रारण, मूलद्रव्यांचं प्रमाण हे सगळं नव्यानं बसवायचं. मला हे पटत नाही.

'बिग रिंग'बद्दलही विचारणा झालीय. २०२४ साली जाहीर झालेलं, १.३ अब्ज प्रकाशवर्षं व्यासाचं दीर्घिकांचं कडं. त्याच गटानं त्याआधी 'जायंट आर्क' सांगितला होता, ३.३ अब्ज प्रकाशवर्षांचा. इतकी मोठी रचना असू नये असा मॉडेलचा अंदाज आहे. पण लाखो ठिपक्यांत माणसाच्या डोळ्याला कमानी आणि कडी दिसतातच. हे मी बाजूला ठेवतो. आपल्या पुण्याच्या मंडळींनी २०१७ साली सांगितलेला सरस्वती महासमूह, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला, त्याबद्दल अशी शंका नाही.

वेगळ्या लोकांनी, वेगळ्या यंत्रानं, वेगळ्या वाटेनं मोजलं तरी तीच विसंगती येते का, एवढंच मी बघतो. २०११ साली प्रकाशापेक्षा वेगवान न्यूट्रिनो कण सापडले होते. सैल बसलेली केबल निघाली. २०१४ साली इन्फ्लेशनच्या गुरुत्वलहरींचा ठसा मिळाला होता. आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली.

---

अनुराधा_नक्षत्र | रविवार, रात्री १०.१०

मग डेसी सर्वेक्षणाला तुमच्या चाळणीतून काढा दादा. ॲरिझोनातल्या किट पीकवर ४ मीटरची जुनी मेयॉल दुर्बीण, तिच्यावर ५००० यंत्रचलित तंतू बसवलेत. एका वेळी ५००० दीर्घिकांचे वर्णपट. तीन वर्षांत जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार. विश्वाच्या बालपणीच्या ध्वनिलहरींनी एक मोजपट्टी सोडून ठेवलीय, आज सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं लांबीची. दीर्घिका त्या अंतरावर किंचित जास्त आढळतात. ती पट्टी वेगवेगळ्या काळात किती दिसते ते मोजायचं, की प्रसरणाचा इतिहास मिळतो.

मार्च २०२५ मधला निकाल : कृष्णऊर्जा स्थिर नसावी. पूर्वी जास्त जोरात होती, आता ओसरतेय. आईनस्टाईनचा वैश्विक स्थिरांक म्हणून ती कायम धरली होती ना, तेच नाव चुकीचं ठरायची वेळ.

---

तांबट_कमान | रविवार, रात्री १०.३२

पण सिग्मा किती ते सांगा ताई. २.८ ते ४.२. आणि तो आकडा कुठल्या सुपरनोव्हांची यादी जोडता त्यावर बदलतो. डेसीची स्वतःची मापं आणि पार्श्वप्रारण एवढंच घेतलं तर तीनच्या आसपास. पाचाची वाट पाहावी. आणि एक गंमत : ओसरती कृष्णऊर्जा हबलचा पेच सोडवत नाही, उलट किंचित वाढवते. दोन दुखणी, दोन औषधं, आणि एकानं दुसरं बळावतं.

---

अनुराधा_नक्षत्र | रविवार, रात्री १०.४५

सर, म्हणूनच मला ते जास्त खरं वाटतं. सोयीचा निकाल असता तर मीच शंका घेतली असती.

जाता जाता 'लहान लाल ठिपके'. जेम्स वेबला शेकड्यांनी सापडलेत, आधीच्या कुठल्याही दुर्बिणीला त्यांची जात ओळखता आली नव्हती. विश्व ६० कोटी ते दीड अब्ज वर्षांचं असतानाचे बहुतेक, नंतर दिसेनासे होतात. आत कृष्णविवर असावं, पण क्ष-किरण जवळजवळ नाहीत. दाट वायूच्या गोळ्यात गुंडाळलेलं कृष्णविवर, असा एक अंदाज. त्यातल्या एकात ५ कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर मोजलं गेलं आणि भोवती दीर्घिका म्हणावी असं जवळपास काही नाही! आधी दीर्घिका, मग तिच्या पोटात कृष्णविवर, हा क्रम आम्ही पाठ केला होता. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते, आणि तिचा बिग बँग खोटा ठरण्याशी काडीचा संबंध नाही.

---

बिंदूचौक | रविवार, रात्री ११.२०

चर्चा झकास. माझं एवढंच म्हणणं राहतं की नारळीकरांसारखी माणसं प्रश्न विचारत राहिली म्हणून प्रमाण मॉडेलवाल्यांना पुरावे गोळा करावे लागले. सर, यावर तरी हो म्हणा.

---

तांबट_कमान | रविवार, रात्री ११.२८

हो. बिनशर्त.

---

घनसाळ | सोमवार, सकाळी ७.०५

नेपच्यून-व्हल्कनवर स्वारी खूश आहे. शाळेला जाता जाता आणखी एक विचारून गेला : कागद आणि व्हर्नियर भांडतायत तर तिसरं माप नाही का, दोघांशी संबंध नसलेलं?

---

शिरोली_फाउंड्री | सोमवार, दुपारी १.४५

आहे ताई, गुरुत्वलहरींचं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की त्यांच्या लहरींच्या आकारावरूनच अंतर निघतं. सेफीड नको, पायऱ्या नकोत. टक्कर कुठल्या दीर्घिकेत झाली ते प्रकाशावरून कळलं की तिची रेडशिफ्ट घ्यायची, की हबल स्थिरांक हातात. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक घटना मिळाली, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ मध्ये. आकडा आला ७०.

---

मिसळ_कट्टा | सोमवार, दुपारी १.५२

घ्या! तोडपाणी झालं की मग! ना तुझं ना माझं.

---

शिरोली_फाउंड्री | सोमवार, दुपारी २.१०

थांब भावा. सत्तर, पण चूक वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८. म्हणजे ६७ पण त्यात बसतो, ७३ पण. लहरी आणि प्रकाश दोन्ही दिसलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आजवर ती एकच. अशा काही डझन मिळाल्या की निकाल लागेल. त्यासाठी जगात वेगवेगळ्या ठिकाणी यंत्रं हवीत, म्हणजे टक्कर आकाशात नेमकी कुठं झाली ते लगेच कळेल आणि दुर्बिणी तिकडे वळवता येतील. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होतेय ती यासाठीच. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, उद्दिष्ट २०३० चं.

---

मिसळ_कट्टा | सोमवार, दुपारी २.१४

म्हंजे पोरगं कॉलेजात जाईपर्यंत थांबायचं. त्याला सांगा, हिंगोलीला नोकरी धर.

---

घनसाळ | सोमवार, रात्री ८.४०

सांगितलं. विचारतोय, तिथं दहावीनंतर बघायला सोडतात का.